दोष हवेचा की श्वासाचा?

गारठ्यात शेळी खोकू लागली की म्हातारी माणसे म्हणतात, "हवा बाधली." १८७३ साली अल्जीरियात तोमा यांनी शेळ्यांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहाचे पहिले वर्णन लिहिले, तेव्हा त्यांचेही मत असेच होते. शेळीला ४१ अंश सेल्सियसपर्यंत ताप चढतो, ती मान पुढे ताणून धापा टाकते. मेल्यावर छाती उघडली तर पिवळसर पाणी साचलेले आणि बहुधा एकच फुप्फुस बिघडलेले आढळते. कळपातल्या निम्म्याहून अधिक शेळ्याही दगावतात. तोमांनी ठपका ठेवला तो मात्र अचानक पालटणाऱ्या हवेवर.

१८८१ च्या सुमारास तुर्कस्तानातून अंगोरा शेळ्या जहाजाने दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत आल्या आणि तिथल्या कळपांतही हाच रोग सुरू झाला. आम्ही पदार्थविज्ञानवाले प्रयोगात एकच गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच ठेवतो. इथे प्रयोग जणू आपोआपच मांडला गेला होता! आकाश तेच, चारा तोच. नव्या होत्या त्या फक्त बोटीतून उतरलेल्या शेळ्या. पशुवैद्य हचन यांनी रोग संसर्गाचा आहे हे ओळखले. आजारी शेळ्या मारल्या, त्यांच्या सहवासातल्या शेळ्यांना रोगट फुप्फुसातील द्रव टोचला, आणि तिथून रोग हद्दपार झाला. जंतू कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

तो सापडायला १९७६ साल उजाडले. केनियात मॅकओवन आणि मिनेट यांनी आजारी शेळ्यांतून एक मायकोप्लाझ्मा वेगळा केला. तोवर प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या त्याच्या भाऊबंदांवरच आळ येत असे. या जंतूला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन जंतूंचे भिंत बांधण्याचे काम अडवते. ज्याला भिंतच नाही, त्याचे ते काय बिघडवणार? म्हणून इथे टेट्रासायक्लिनसारखी, जंतूंची प्रथिने बनू न देणारी औषधे लागतात.

भिंत नसल्याने हा जंतू नाजूकही असतो. शरीराबाहेर उन्हात, कोरड्या हवेत तो फार टिकत नाही. खोकल्याच्या तुषारांतून शेजारच्या शेळीच्या श्वासात शिरणे, हीच त्याची मुख्य वाट. त्यामुळेच नवी शेळी काही आठवडे वेगळी बांधणे उपयोगी पडते.

तोमांचे निरीक्षण मात्र अगदीच खोटे नव्हते. थंड पावसानंतर हा रोग पुष्कळदा उफाळतो. गारठ्याने शेळ्यांची ताकद कमी होते, त्या गोठ्यात एकमेकींना खेटून बसतात आणि तुषारांना जेमतेम वीतभर अंतर कापावे लागते.