हीथक्लिफ कसा दिसत होता?

गाजलेल्या पुस्तकावर सिनेमा आला, की वाद ठरलेला : "पुस्तकात हा असा नव्हता!" पण पुस्तकात नक्की काय लिहिलंय, हे किती जण उघडून बघतात? आज आपण एक उदाहरण घेऊन तेच करू या.

एमिली ब्राँटे या इंग्लिश लेखिकेची 'वदरिंग हाइट्स' ही कादंबरी १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली. यॉर्कशायरच्या उजाड माळावर राहणारे अर्नशॉ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेल्या एका अनाथ मुलाला घरी आणतात. त्याचं नाव ठेवतात हीथक्लिफ. आडनाव नाहीच. घरातली मुलगी कॅथरीन त्याची जिवाभावाची मैत्रीण होते. तिचा भाऊ हिंडली मात्र त्याचा छळ करतो आणि वडील गेल्यावर त्याला नोकरासारखं राबवतो.

१९३९ च्या चित्रपटात हीथक्लिफचं काम लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी केलं, १९९२ मध्ये रेफ फाइन्स यांनी. दोघेही गोरे. २०११ मध्ये ब्रिटिश दिग्दर्शिका अँड्रिया अर्नल्ड यांनी सॉलोमन ग्लेव्ह आणि जेम्स हॉसन या दोन कृष्णवर्णीय नवोदितांना निवडलं. पहिला लहानपणीचा हीथक्लिफ, दुसरा मोठेपणीचा.

आता पुस्तक उघडू. त्यात हीथक्लिफला सावळा, जिप्सीसारखा म्हटलंय. शेजारचे लिंटन म्हणतात, हा एखादा लास्कर असेल. लास्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवर काम करणारे आशियाई खलाशी. त्यांत पुढे कोकणातले आणि गोव्यातलेही बरेच जण होते. हा शब्द आणि आपला 'लष्कर' एकाच फारसी शब्दावरून आलेत! घर सांभाळणारी नेली तर त्याची समजूत घालते, की तुझे वडील चीनचे सम्राट आणि आई हिंदुस्थानची राणीही असू शकेल. शिवाय कथेच्या काळात लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं.

मग तो आफ्रिकन होता का? तसंही पुस्तक सांगत नाही. नेलीच्या एका बोलण्यावरून तर तो तसा नव्हता असं वाटतं. ब्राँटे यांनी उत्तर उघडच ठेवलंय. पण एक गोष्ट पक्की आहे : लोक त्याला बघताक्षणी परका ठरवतात. गोरा नट घेतला, की छळामागचं हे कारण दिसेनासं होतं आणि उरतं फक्त घरातलं भांडण.

अर्नल्ड नुसता नट बदलून थांबल्या नाहीत. कादंबरीत बरीचशी गोष्ट नेली सांगते, म्हणजे हीथक्लिफ आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतो. चित्रपटात मात्र कॅमेरा त्याच्याच बाजूने बघतो. संवाद कमी, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. ऐकू येतो तो वारा आणि पाऊस. कॅमेरामन रॉबी रायन यांना यासाठी व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. अर्थात, पुढच्या पिढीची गोष्ट, म्हणजे कादंबरीचा मोठा भाग, यात गाळलाय.

"तू मूळचा कुठला?" हा प्रश्न तुम्हालाही कुणी विचारला असेल. तुम्ही त्याचं उत्तर देऊ शकता. हीथक्लिफबद्दल मात्र सगळे अंदाज करतात आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नाही. त्याची गोष्ट त्याच्या नजरेतून बघणं म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

शब्दार्थ
उजाड – ओसाड, झाडं-वस्ती नसलेला
खलाशी – जहाजावर काम करणारा
नवोदित – नुकतीच सुरुवात केलेला
परका – आपल्यातला नसलेला
समजूत घालणे – समजावून शांत करणे

स्वाध्याय
१. लिंटन हीथक्लिफला काय समजतात?
२. गोरा नट घेतल्यामुळे कथेतलं काय हरवतं, असं लेखात म्हटलंय?
३. 'जिवाभावाची' हा शब्द वापरून वाक्य तयार करा.
४. तुम्ही वाचलेल्या एखाद्या पुस्तकातल्या पात्राचं वर्णन शोधा. सिनेमात ते पात्र तसंच दाखवलंय का? पाच-सहा ओळी लिहा आणि घरी आजी-आजोबांना वाचून दाखवा.