तोतया अंमलदार

"तुमच्या नांवाच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले, आम्ही मुंबईचे पोलीस बोलतों," असा फोन येतो. पडद्यावर वर्दीहि दिसते. ह्यास 'डिजिटल अटक' म्हणतात.

तोतया आम्हांस नवा नाहीं. पानिपतानंतर निघालेला सदाशिवरावभाऊंचा तोतया 1776 सालीं पुण्यास देहांत शिक्षा पावला. त्याचा व्यवहार लोकांच्या आशेवर चालला, आजच्याचा भयावर चालतो. सरकारी माणसापुढें मान खालीं घालण्याची आमची जुनी सवय त्याच्या उपयोगी पडते.

ह्यांत अडाणीच फसतात असें बंधूंनीं समजूं नये. 2024 च्या ऑगस्टांत लुधियान्याचे वयोवृद्ध गिरणीमालक एस. पी. ओसवाल ह्यांस ठगांनीं खोटें सर्वोच्च न्यायालय व खोटे सरन्यायाधीशहि दाखवून 7 कोटि रुपये काढून घेतले. निजतांनाहि फोन चालू ठेवावा, कोणापाशीं ब्र काढूं नये, अशी आज्ञा होती. सारें कपट ह्या शेवटल्या आज्ञेंत आहे. शेजाऱ्यास सांगितलें असतां तें तत्क्षणीं फुटतें.

फोनवरून अटक करण्याची सोय कायद्यांत नाहीं, आणि पडताळणीसाठीं पैसे कोणतेंहि न्यायालय मागत नाहीं. सालेकसा-देवरीकडील उपदेशकांनीं मंडळींस, विशेषतः ज्यांच्या खात्यांत नुकतेच धानाचे चुकारे जमा झाले त्यांस, हें समजवावें. असा फोन ठेवून द्यावा व घरांत लागलेंच सांगावें. पैसे गेले असल्यास लाजेनें रात्र दवडूं नये. 1930 ह्या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम कधीं कधीं वाटेंत अडवितां येते. ओसवालांचे 5 कोटींहून अधिक रुपये पोलिसांनीं परत मिळविले.