खाज थांबली म्हणजे रोग बरा झाला का?

खरचटले किंवा जंतू शिरले की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते किंवा खाजते. याला दाह म्हणतात. सावळ्या त्वचेवर ही लाली काळपट किंवा जांभळट दिसते, म्हणून हात लावून गरमपणाही पाहावा.

या दाहात आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या एका वायूचा हात असतो. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून तो बनतो आणि काही सेकंदच टिकतो. तेवढ्यात तो रक्तवाहिन्या सैल करतो. हे शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी त्वचेत हा वायू थोडाच असतो. जंतू शिरले की काही तासांत पेशी तो जास्त बनवू लागतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येते, जागा लाल होते. हाच वायू जंतू मारायलाही मदत करतो. म्हणजे दाह ही शरीराची लढाई आहे. मात्र सोरायसिस, इसब यांसारख्या रोगांत ती लांबते आणि त्वचेलाच त्रास होतो. तिथे डॉक्टर स्टेरॉइड मलम देतात. ते हा वायू आणि दाहाची इतर द्रव्ये कमी करते.

पण तेच मलम नायट्यावर लावले तर? नायटा बुरशीमुळे होतो. मलमाने खाज थांबते, लाली उतरते, पण बुरशी मरत नाही. शरीराची लढाई मंदावल्याने ती पसरते आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते की रोग ओळखणेही अवघड जाते. बरेच दिवस लावल्यास त्वचा पातळ होते.

म्हणून एवढे पाळा :

• ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन लिहिले असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नका.
• शेजाऱ्यांची उरलेली ट्यूब वापरू नका.
• असे मलम बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना सांगा, ट्यूब सोबत न्या.
• नायटा असल्यास टॉवेल व कपडे वेगळे ठेवा, उन्हात वाळवा. घरात आणखी कोणाला असेल तर त्यांनाही दाखवा. औषध सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या.
• लाली झपाट्याने पसरली, पू झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.