शिलालेखाला प्रश्न विचारा



"ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली," असे आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात आजही ऐकू येते. आपण ते हसण्यावारी नेतो. परंतु "ही सारी लेणी राजांनी कोरून दिली," असे मीही रविवारच्या वर्गात सांगत असे. एकदा नववीतल्या मुलीने विचारले, "काका, असं कुठं लिहिलंय?" मी निरुत्तर झालो. केवळ ऐकीव म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपल्यालाही लागू आहे.

तेव्हापासून आम्ही मूळ लेख वाचू लागलो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. १८८१ साली बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. त्यामुळे हा अभ्यास शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आला आहे.

प्रत्येक लेखाला चार प्रश्न विचारावेत : दान कोणी दिले? काय दिले? केव्हा दिले? आणि लेखात काय सांगितलेले नाही?

लेण्याद्रीचे ६ क्रमांकाचे चैत्यगृह घ्या. दाता कल्याणचा सुलसदत, हेरणिकाचा पुत्र. राजाचे नाव नाही, वर्षही नाही. 'हेरणिक' हे वडिलांचे नाव, की सोनार वा खजिनदार असा व्यवसाय? दोन्ही अर्थ संभवतात. वहीत दोन्ही लिहावेत.

जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले आहे. आणखी दोन दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. एकाने दोन टाकी दिली, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप. मानमोडीवर नहपान राजाचा अमात्य अयम याने टाके व मंडप दिल्याचा लेख आहे. त्यात वर्ष ४६ आहे, पण कोणत्या कालगणनेचे, हे लेख सांगत नाही. ते इसवी सन समजून लिहिणे ही चूक ठरेल.

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. ज्यांनी छिन्नी चालवली त्या पाथरवटांची नावे या लेखांत नाहीत. ज्यांची नोंद झाली नाही ते नव्हतेच, असे होत नाही. हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

लेणी पाहताना अक्षरांवर खडू, कोळसा वा तेल लावू नका. घरी आल्यावर आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सातबारा काढा आणि नोंद कोणी केली, कशाची, केव्हा, काय गाळले, हे विचारा. पुराव्यावाचून आपल्या बाजूचेही बोलू नये, एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.

जय भीम!