छाटलेली काडी मरते, करपा मरत नाही

ऑक्टोबरमध्ये नाशिक किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या द्राक्षबागेत गेलात, तर मंडपाखाली काड्यांचा खच पडलेला दिसेल. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’ करतात. तिच्यानंतर नव्या काड्या वाढतात. ऑक्टोबरच्या सुमारास ‘गोडी छाटणी’ करतात. तिच्यानंतर घड येतात. वेलीपासून तुटलेली काडी थोड्याच दिवसांत वाळून जाते. मग तिच्यापासून वेलीला भय कसले?

यासाठी करपा या रोगाची ओळख करून घेऊ. ‘एल्सिनोई अँपेलिना’ नावाच्या बुरशीमुळे तो होतो. पाने, कोवळे शेंडे आणि मणी यांवर खोलगट डाग पडतात. मण्यावरील डाग मध्ये राखी व कडेला काळपट असल्याने पक्ष्याच्या डोळ्यासारखा दिसतो.

काडी पिकून कडक झाली तरी डाग तिच्यावर राहतोच. त्यात बुरशीच्या तंतूंच्या घट्ट, काळसर गाठी बनतात. कोरड्या दिवसांत त्या निपचित असतात. काड्या भिजून बराच काळ ओल्या राहिल्या, की या गाठींवर असंख्य बीजाणू तयार होतात. पावसाचे थेंब आपटून उडणारे तुषार त्यांना कोवळ्या फुटीवर नेऊन टाकतात. गोडी छाटणीनंतर आठदहा दिवसांत डोळे फुटू लागतात आणि परतीचा पाऊसही नेमका त्याच सुमारास येऊ शकतो. एप्रिलच्या काड्या उन्हात वाळतात खऱ्या, पण जूनपर्यंत बागेतच राहिल्या तर पहिल्या पावसात हाच प्रकार घडतो. घड वाया गेले, तर शेतकऱ्याची वर्षाची मेहनत बुडते.

तुम्ही विचाराल, औषध फवारले की झाले ना? मोरचूद व चुना यांपासून होणारे बोर्डो मिश्रण फ्रान्समधील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये केवडा रोगावर उपाय म्हणून पुढे आणले. करप्यावरही ते वापरतात. परंतु ते पृष्ठभागावर कवचासारखे बसते. काडीच्या आत दडलेल्या बुरशीपर्यंत पोचत नाही. म्हणून रोगाचे घरच बागेबाहेर काढणे महत्त्वाचे.

मग सगळ्या काड्या जाळाव्यात काय? जाळल्याने बुरशी मरते, पण जमिनीला मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्यही धुरात जाते. त्यापेक्षा निवड करावी. डागाळलेल्या काड्या वेचून बागेबाहेर न्याव्यात व नष्ट कराव्यात. निरोगी काड्यांचे बारीक तुकडे करून, शेण मिसळून खत करावे. चांगल्या ढिगाच्या पोटात तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेथे बहुतेक रोगकारक बुरश्या टिकत नाहीत. ढिगाची कड मात्र थंड राहते, म्हणून तो वरखाली करणे आवश्यक असते.

एक प्रयोग करून पाहा. वाळलेल्या काडीचे दोन तुकडे दोन बरण्यांत ठेवा. एकीत ओला टीपकागद घाला, दुसरी कोरडी ठेवा. दोन्हींना झाकण लावा. आठवड्याने झाकण न उघडता भिंगातून पाहा. ओल्या बरणीत बुरशी दिसली, तरी ती करप्याचीच असेल असे नाही. मृत लाकडावर जगणाऱ्या बुरश्या पुष्कळ आहेत. पण काडी तीच असताना दोन बरण्यांत फरक का पडला, याचे उत्तर तुम्हांला देता येईल. शेवटी बरणीत उकळते पाणी ओतून तुकडे पुरून टाका व हात साबणाने धुवा.