छतातील दिवे : वायरिंगचे पूर्वनियोजन

घराच्या सजावटीत फॉल्स सीलिंगला आणि त्यात बसविल्या जाणाऱ्या दिव्यांना अलीकडच्या काळात मोठे स्थान प्राप्त झाले आहे. महानगरांतील सदनिकांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावी बांधल्या जाणाऱ्या नव्या घरांतूनही जिप्सम किंवा पीओपीच्या छतात एलईडी दिवे दिसू लागले आहेत. या दिव्यांचा प्रकाश सर्वांना दिसतो. परंतु त्यांना वीज पुरविणाऱ्या तारा व तारांचे सांधे छत बंद होताच दृष्टीआड होतात. पुढे कित्येक वर्षे ज्याकडे कोणी पाहणार नाही, असे हे काम असल्यामुळेच ते आरंभी काटेकोरपणे होणे अगत्याचे असते.

धोका कोठे असतो?

१२ वॅटचे सहा दिवे मिळून ७२ वॅट वीज घेतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हा प्रवाह अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपासच राहतो. त्यामुळे एवढ्याशा दिव्यांना कसलीही वायर चालेल, असा समज पसरलेला आढळतो. तथापि छतातील लाइन केवळ दिव्यांपुरती क्वचितच राहते. तिच्यावर पंखा येतो आणि पुढे कोणीतरी तिच्यावरूनच वातानुकूलन यंत्रालाही जोडणी देतो. भार वाढल्याने ६ ॲम्पिअरचा एमसीबी वारंवार पडू लागला की, त्याच्या जागी १६ ॲम्पिअरचा बसविला जातो. अशा रीतीने बारीक तारेचे संरक्षण नाहीसे होते. तारा पिळून टेप गुंडाळलेला सांधा ढिला झाला की, तेथे रोध वाढतो, सांधा तापतो व तारेवरील आवरण वितळू लागते. हे सारे प्लायवुड आणि लाकडी पट्ट्यांच्या सान्निध्यात, कोणाच्याही नकळत घडत असते.

आधी आराखडा, मग काम

सुतार व वायरमन यांनी काम सुरू करण्यापूर्वी छताचा आराखडा कागदावर तयार करावा. दोन दिव्यांमध्ये जेवढे अंतर, त्याच्या निम्मे अंतर भिंतीपासून ठेवावे, हा साधा हिशेब होय. उदाहरणार्थ, १८ फूट लांब व १२ फूट रुंद दिवाणखान्यात तीन-तीन दिव्यांच्या दोन रांगा घेतल्यास दिव्यांमध्ये ६ फूट व भिंतीपासून ३ फूट अंतर येते. मधोमध ४८ इंची पंखा असल्यास त्याची पाती केंद्रापासून २ फुटांपर्यंत पोहोचतात, तर जवळचे दिवे ३ फुटांवर राहतात. दिवा पात्यांच्या वर आल्यास प्रकाश सतत लुकलुकतो. पंख्याचा हूक मात्र स्लॅबमध्येच असावा. त्याचे वजन फॉल्स सीलिंगवर टाकू नये.

तारा व सर्किट

दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची, आग पसरू न देणाऱ्या आवरणाची तांब्याची तार वापरावी व तिला ६ ॲम्पिअरचा एमसीबी असावा. वातानुकूलन यंत्र व गिझर यांच्या लाइन स्वतंत्र असाव्यात. घरातील दिवे किमान दोन सर्किटांत विभागल्यास एकात बिघाड झाला तरी सारे घर अंधारात जात नाही. स्विच नेहमी फेजच्या तारेवर असावा. धातूच्या दिव्यांना अर्थिंग द्यावे आणि मुख्य फलकावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा.

जंक्शन बॉक्सची जागा

कोणताही सांधा जंक्शन बॉक्सच्या बाहेर असू नये आणि कोणताही जंक्शन बॉक्स हाताच्या आवाक्याबाहेर असू नये, हे दोन नियम पाळले तर निम्मे काम साधते. दिवा खाली काढल्यावर मोकळ्या होणाऱ्या छिद्रातून हात पोहोचेल, अशा बेताने बॉक्स स्लॅबला पक्का बसवावा. अन्यथा छताला झाकण ठेवावे. बॉक्समध्ये स्क्रूचे कनेक्टर वापरावेत, झाकण लावावे आणि पुढील दुरुस्तीसाठी काही इंच तार जादा ठेवावी. एलईडीचा ड्रायव्हर थर्माकोल किंवा कापडाखाली दाबू नये; उष्णता बाहेर पडण्यास त्याला हवा लागते. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात स्लॅब पाझरत असल्यास ती गळती आधी बंद करावी.

छत बंद करण्यापूर्वी

दिवे जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने तारांची तपासणी करून घ्यावी. रोध एक मेगोहमपेक्षा कमी आढळल्यास दोष शोधल्याविना पुढे जाऊ नये. दिवे जोडलेले असताना ही चाचणी केल्यास त्यांचे ड्रायव्हर निकामी होण्याचा संभव असतो. त्यानंतर प्रत्येक बॉक्सचे भिंतीपासूनचे अंतर आराखड्यावर नोंदवावे, उघड्या छताची छायाचित्रे घ्यावीत आणि हे कागद घराच्या इतर दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावेत.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. छत एकदा बंद झाले की साधा दोष शोधण्यासाठीही ते फोडावे लागते. त्या मानाने आराखडा व चाचणी यांसाठी लागणारा वेळ आणि खर्च अल्प असून, कुटुंबाची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.