दार कोणते, हे आधी ओळखा

14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. अडीच महिन्यांनी, ऐन महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. त्यांतही बुलढाण्याची माणसे होती. 2023च्या ऑक्टोबरमध्ये पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला. तिन्ही वेळा गावोगावच्या फलकांवर एकच शब्द होता, शहीद. गावाचे बरोबरच आहे, गावाच्या दुःखाला दलांचे वर्गीकरण ठाऊक नसते. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात तसा रकाना नसतो. तिथे विचारतात ते असे : दल कोणते, मृत्यू किंवा अपंगत्व कोणत्या वर्गात नोंदले गेले, आणि अर्ज करणारा त्या जवानाचा कोण लागतो. या तीन उत्तरांवरून मुलाने कोणत्या दारात जायचे ते ठरते, आणि वरच्या तिन्ही घटनांत ते दार वेगवेगळे आहे. मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच : या मुलांसाठी योजना आहेत, त्या हातून जातात त्या चुकीच्या दारात उभे राहून घालवलेल्या एका वर्षामुळे.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचेच उदाहरण घ्या. 2006-07 पासून चालू असलेल्या या योजनेचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. मे 2019 मध्ये तिची रक्कम मुलांसाठी महिना 2,000 वरून 2,500 आणि मुलींसाठी 2,250 वरून 3,000 रुपये झाली. त्याच निर्णयाने दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या राज्य पोलिसांची मुलेही तिच्यात आली, त्यांच्यासाठी वर्षाला 500 जागा ठेवल्या गेल्या. नाव एकच, पण वाटा तीन. लष्कर, नौदल आणि हवाई दलातल्या माजी सैनिकांच्या मुलांचा व वीरपत्नींचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पडताळणीने केंद्रीय सैनिक बोर्डाकडे जातो. राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल आणि त्यांसारख्या केंद्रीय दलांच्या घरच्यांचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून गृह मंत्रालयाकडे जातो, आणि त्यावर आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याची, मग दलाच्या कार्यालयाची मोहोर लागते. राज्य पोलिसांचाही कारभार गृह मंत्रालयाकडेच आहे. आता चूक कुठे होते पाहा. 'जवानांची स्कॉलरशिप' म्हटले की गावातला जाणता माणूस केंद्रीय दलाच्या किंवा पोलिसाच्या घरच्यांनाही सैनिक कल्याण कार्यालयात पाठवतो. तिथला कर्मचारी खरे तेच सांगतो की तुमची नोंद आमच्याकडे नाही. घरचे परत येतात आणि आपल्याला काही मिळत नाही अशी समजूत करून घेतात. या योजनेचा अर्ज अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षीच करावा लागतो. ते वर्ष गेले की शिष्यवृत्ती पुढच्या वर्षावर जात नाही, कायमची जाते. 'शोधू पुढच्या वर्षी' हे वाक्य म्हणूनच इतके महाग पडते.

दुसरी गोष्ट समजून घ्यायची ती हक्क आणि स्पर्धा यांतला फरक. पंतप्रधान शिष्यवृत्ती ही स्पर्धा आहे. माजी सैनिकांच्या गटात वर्षाला 5,500 जागा, बारावीला किंवा पदविकेला किमान 60 टक्के गुण, अभ्यासक्रम इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, बी.एड., बीबीए, बीसीए असा व्यावसायिक, आणि पुढे दरवर्षी 50 टक्के टिकवायचे. त्यातही लढाईत गेलेल्यांची मुले व पत्नी पहिल्या क्रमांकावर, लढाईत अपंगत्व येऊन घरी आलेल्यांची मुले दुसऱ्या, मग सेवेमुळे मृत्यू वा अपंगत्व आलेले, मग शौर्यपदकप्राप्त आणि शेवटी इतर. याउलट तिन्ही सेनादलांत लढाईत मारले गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंग झालेल्यांच्या मुलांसाठीची शैक्षणिक सवलत हा हक्क आहे. 1971चे युद्ध संपताच, डिसेंबरमध्ये, ती लोकसभेत जाहीर झाली. मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या पदवीपर्यंत शिकवणी शुल्क, वसतिगृह, पुस्तके, गणवेश यांचा खर्च सरकार उचलते. जुलै 2017 पासून तिला महिना 10,000 रुपयांची मर्यादा घातली गेली. महागडे शिक्षण घेणाऱ्या मुलांना तिचा फटका बसणार होता. नौदलप्रमुख सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले, माजी सैनिक बोलू लागले, आणि मार्च 2018 मध्ये मर्यादा उठली. या घटनेतून मी एक धडा घेतो : हक्क ज्यांना माहीत होता त्यांनीच तो वाचवला. ज्या घराला 60 टक्क्यांची अट ऐकून 'आपले पोर बसत नाही' असे वाटले, त्या घराने हक्काची सवलत कधी विचारलीच नाही, त्याला मर्यादा उठली काय आणि राहिली काय, सारखेच.

बीए, बीएस्सी, बीकॉम शिकणाऱ्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती नाही, हे ऐकून पुष्कळ जण थांबतात. आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी बहुसंख्य मुले हीच. पण हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी संरक्षणमंत्र्यांचा कल्याण निधी आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत दोन मुलांना त्यातून शिक्षण अनुदान मिळते, आणि ते नोव्हेंबर 2025 पासून महिना 1,000 वरून 2,000 रुपये झाले आहे. वीरपत्नीला स्वतः दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करायची असेल तरी ते मिळते. शिवाय आपल्या राज्यात इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांत सेनादलांच्या आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी 'डिफेन्स' कोटा असतो, आणि महाडीबीटीवर माजी सैनिकांच्या पाल्यांची शैक्षणिक सवलत असते. एका दारातून नकार आला म्हणून घरी परतू नये. दुसरे दार कोणते, हे तिथेच विचारून मग निघावे.

आता कागदाकडे येतो, कारण खरा अडथळा तिथेच आहे. सेनादलात लढाईतला मृत्यू 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंदला जातो, इतर कारणांचा 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणून. त्या दोन शब्दांत हक्क आणि प्राधान्यक्रम दोन्ही बदलतात. अपंग होऊन आलेल्या जवानासाठी मेडिकल बोर्डाचा कागद तितकाच निर्णायक असतो. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले किंवा वाढले असे त्यात लिहिले आहे की नाही, यावर त्याच्या मुलीचा क्रमांक ठरतो. हा कागद हातात पडला त्याच महिन्यात वाचायचा असतो. वीस वर्षांनी मुलगी कॉलेजात जाताना उघडून पाहिला तर दुरुस्तीसाठी अपील, सुनावणी आणि जुन्या युनिटचे रेकॉर्ड ऑफिस एवढे सगळे मागे लागते. मग नावांचा प्रश्न. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पासबुक हे पाच कागद एकदा सतरंजीवर ओळीने मांडून पाहा. एकात आईचे माहेरचे नाव, दुसऱ्यात सासरचे. एकात मुलाच्या नावात इंग्रजीत 'ए' एकदा, दुसऱ्यात दोनदा. वडिलांची जन्मतारीख 1 जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. आपल्या जिल्ह्याचे नावसुद्धा कुठे बुलडाणा, कुठे बुलढाणा. माणूस हे सगळे एकच आहे असे ओळखतो, संगणक ओळखत नाही. मुलाचे नाव आणि जन्मतारीख वडिलांच्या सेवा-नोंदीत, म्हणजे जवान ज्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात तिच्यात, चढलेली नसेल तर ते मूल कागदावर त्या जवानाचे नसतेच.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत. पहिला : सरकारने एवढी मोठी रक्कम दिली असताना तीन हजारांसाठी धावपळ कशाला? पुलवामानंतर राज्याने आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही घरांना प्रत्येकी 50 लाख जाहीर केले होते, आणि सेवेमुळे मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना विमा, सानुग्रह वगैरे सगळे मिळून एक कोटीहून जास्त मिळते. पण मुलीच्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला या शिष्यवृत्तीचे 1,44,000 रुपये होतात, आणि ते शिक्षणासाठीच येतात. एकरकमी पैसा घराच्या सगळ्या गरजांचा असतो : कर्ज, घर, म्हाताऱ्यांचे आजारपण, वाटण्या. तो बारा वर्षांनी फी भरायला शिल्लक असेलच असे कोणी सांगू नये. दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा : ज्याने प्राण दिले त्याच्या घराने अर्ज-विनंत्या कराव्यात का? मला ही भावना पटते, निष्कर्ष पटत नाही. हा पैसा दया म्हणून ठेवलेला नाही, दिलेल्या शब्दाची ती परतफेड आहे. आपला हक्क मागताना मान खाली जात नाही. तिसरा आक्षेप सर्वांत जड : सरकारने हे सगळे आपणहून घरी पोचवायला हवे. हवेच. दलाकडे मृत्यूची नोंद आहे, मुलांची वये आहेत, आता आधारही आहे. अमेरिकेत 2001च्या सप्टेंबरनंतर सेवेत मृत्यू आलेल्यांच्या मुलांना आणि जोडीदाराला फ्राय शिष्यवृत्ती मिळते, 36 महिन्यांचे शिक्षण, आणि गुणांची यादी लावून त्यांत निवड केली जात नाही. अर्ज तिथेही भरावा लागतो, पण प्रश्न पात्रतेचा असतो, नंबर लागण्याचा नाही. आपल्याकडेही लढाईत गेलेल्याच्या मुलाला 60 टक्क्यांची अट नसावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र नियम बदलेपर्यंत आजच्या नियमात बसणारे मूल आजच वाचवायला हवे.

दलादलांतला भेदही मी झाकणार नाही. केंद्रीय दलांच्या निवृत्तांना 2012 मध्ये 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस' अशी वेगळी ओळख दिली गेली, पण सैनिक कल्याण कार्यालयाचे दार त्यामुळे आपोआप उघडले नाही. अग्निवीराची स्थिती याहून कठीण. तो अविवाहित असतानाच भरती होतो, चार वर्षांनी बाहेर पडला तर माजी सैनिक गणला जात नाही, आणि तो गेला तर मागे शिकणारे असते ते धाकटे भावंड. शिष्यवृत्त्या पाल्य आणि पत्नी यांच्यासाठी आहेत, भावंडांसाठी नाहीत. ही पोकळी खरी आहे. ती भरण्यासाठी आमदार-खासदारांकडे मागणी न्यावी, आणि तोवर त्या घराने विम्याच्या रकमेतला ठरावीक भाग भावंडाच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत वेगळा काढावा.

मग करायचे काय? पुलवामाच्या वर्षी पहिलीत गेलेले मूल 2031 मध्ये बारावीची परीक्षा देईल. श्रद्धांजलीच्या सभेतला माईक तोवर केव्हाच बंद झालेला असेल, म्हणून सभेला आलेल्यांपैकी एकाने तेरावे झाल्यावर परत त्या घरी जावे. एखादा माजी सैनिक, शाळेतले गुरुजी, ग्रामसेवक, कोणीही चालेल, पण नाव ठरलेले असावे. त्याने घरच्यांबरोबर बसून एक फाईल करावी : मृत्यूच्या वर्गाचे किंवा मेडिकल बोर्डाचे प्रमाणपत्र, पीपीओ, वीरपत्नीचे ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले, रहिवासी दाखला, आधार जोडलेले बँक खाते. नावांतला फरक त्याच वर्षी राजपत्राने किंवा प्रतिज्ञापत्राने मिटवावा. मूल दहावीला आले की फाईल पुन्हा उघडावी, बारावीच्या वर्षी पोर्टलवर नोंदणी करावी, आणि प्रवेश झाला त्याच आठवड्यात बोनाफाईड घ्यावे. केंद्रीय दलाचे घर असेल तर कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला भेटून अर्ज पुढे पाठवला की नाही ते विचारावे, कारण अर्ज त्याच्या टेबलावर थांबला तर पोर्टलची मुदत थांबत नाही. जो जवान अपंग होऊन परतला त्याने स्वतःच्या शिक्षणाचाही विचार करावा. पुण्याजवळ खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून अपंग सैनिकांना नवा व्यवसाय शिकवते आहे. गावाच्या वेशीवर स्मारक उभे राहते तेव्हा आपण सगळे वर्गणी देतो. त्या वर्गणीच्या पावतीबरोबर त्या घराच्या फाईलची जबाबदारीही कोणाच्या तरी नावाने लिहिली जावी. 2031च्या जुलैत कॉलेजच्या खिडकीपाशी त्या मुलाला तीच उपयोगी पडेल.